कणकेच्या गोळ्यातला पुरावा

श्रीगोंद्याला बदली झाली आणि मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, एकटी बाई राहणार म्हटल्यावर कपाळाला आठीही घातली नाही. ओट्यावर बसल्या बसल्या चष्म्याच्या वरून बघत त्यांनी एकच प्रश्न केला, "बाई, तुमच्याकडं टेस्टर हाय का?"

मी म्हटलं, आहे.

"स्क्रू फिरवता का त्यानं?"

आता टेस्टरनं स्क्रू फिरवला जात नाही असं घर महाराष्ट्रात असेल तर मला दाखवा. मी म्हटलं, "फिरवते की. सगळेच फिरवतात." ते आतल्या दिशेनं ओरडले, "अगं, च्या टाक. बाई खरं बोलत्यात. खोली दिली."

चहा पिताना मला बजावण्यात आलं, की वरच्या खोलीत कुठलाही स्क्रू ढिला झाला तर खाली येऊन सांगायचं, आपण हात लावायचा नाही. टेस्टर फक्त वीज आहे की नाही ते बघण्यापुरता. भाड्याचं शेवटी काकूंनीच काढलं, काकांच्या ते डोक्यातसुद्धा नव्हतं.

काका साखर कारखान्यात होते. बॉयलरवरची, टाक्यांवरची जी घड्याळासारखी यंत्रं असतात, त्यांच्या दुरुस्तीचं खातं त्यांच्याकडे. निवृत्त झाल्यावर गावातली मनगटी घड्याळं, चष्मे, बटणांचे मोबाईल, लहान मुलांना वाफ द्यायची यंत्रं असलं काय काय त्यांच्याकडे यायला लागलं. माणूस दारात आला की पहिला सवाल, "ह्याला आधी कुनी हात लावलाय?" लावला असेल तर त्याची धडगत नसे. पंचायत समितीतल्या एका साहेबांनी आपला चष्मा घरी सुरीच्या टोकानं पिळून आणला होता. त्यांना काकांनी ओट्याच्या पायरीवर उभं करून, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "साहेब, दात दुखला तर कुदळ घेता का?" चष्मा मात्र त्यांनी दुरुस्त करून दिला, वर काचाही पुसून दिल्या.

त्यांची सगळी प्रीती बारीक स्क्रूड्रायव्हरवर. पेनाएवढे, काही त्याहून बारीक. ज्याच्या डोक्यावर एक फिरती टोपी असते, तिच्यावर तर्जनी ठेवायची आणि अंगठा-मधल्या बोटानं दांडी फिरवायची, ते. शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात, काका हे लावत. उसना कुणाला देत नसत. एकदा मी आगाऊपणानं मागितला तर म्हणाले, "बाई, मी तुमचा दात घासायचा ब्रश मागतो का?"

ते नगरला खरेदीला निघाले की मला बरोबर नेत, कारण काकूंनी त्या बाजारात त्यांच्यासोबत पुन्हा पाऊल न ठेवण्याची शपथ घेतली होती. मलाही पहिल्याच खेपेला कारण कळलं. काकांच्या खिशात पितळेची एक पट्टी असे. तिच्यावर लहान-मोठे स्क्रू बसवलेले. दुकानात गेलं की स्टुलावर बसायचं, पट्टी काढायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि पेटीतला एकेक स्क्रूड्रायव्हर त्या स्क्रूंवर बसवून बघायचा. टोक खाचेत पूर्ण भरलं पाहिजे. मध्ये फट राहिली की बाद. टोक पाचरीसारखं निमुळतं असलं की बाद, ते खाचेतून वर चढतं. टोकापर्यंत चकचकीत मुलामा चढवलेला असला तर बाद, तो दोन दिवसांत सोलून निघतो. टोपी फिरवताना लटलटली की बाद. लोहचुंबक लावलेला असेल तर हातातसुद्धा घ्यायचा नाही. "चुंबक म्हंजे आळशाचं काम. स्क्रू चिकटून येतो म्हून खूश व्हायचं, आन घड्याळाच्या पोटातली स्प्रिंग चुंबकानं बिघडली की देवाला दोष द्यायचा."

तासभर हा तपास चालला, तेव्हा दुकानदार कंटाळून म्हणाला, "काका, लोकं पोरगी बघायलाबी एवढा वेळ लावत नाहीत."

"पोरगी बोलून सांगंल तिच्यात काय हाय ते. ह्यो बोलतोय व्हय?"

एकच स्क्रूड्रायव्हर घेतला त्या दिवशी. येताना एसटीत खिडकीशी बसून तो पुन्हा पुन्हा काढून बघत होते. "स्क्रू फिरंना म्हून जोर लावावा लागला, की समजायचं आपलं टोक चुकलंय," असं म्हणाले आणि श्रीगोंदा येईपर्यंत झोपले.

आता कणकेचं सांगते, कारण पुढचं रामायण त्यावर आहे. एखादी वस्तू उघडली की तिचे स्क्रू कुठे ठेवायचे हा सगळ्या दुरुस्तीवाल्यांचा प्रश्न. कुणी वाटीत टाकतं, कुणी कागदावर. काका कणकेच्या गोळ्यात खोचत. सकाळी काकूंकडून लिंबाएवढा गोळा मागून घ्यायचा, तो थापून चपटा करायचा आणि वस्तूतून स्क्रू जिथून निघाला तसाच, त्याच जागी, त्याच दिशेनं त्यात रोवायचा. परत बसवताना चूक होणं शक्यच नाही. मी विचारलं होतं, आमच्याकडे तर भाकरीच जास्त, मग ज्वारीचं पीठ का नाही? "ज्वारी भेगाळती. स्क्रू धरायला चिकाटी पायजे, ती गव्हात हाय."

काकू म्हणायच्या, "माज्या संसारात पोळीपेक्षा लोखंडाला जास्त कणीक लागली."

आणि त्याच काकू रोज सकाळी गूळ घातलेला कणकेचा दुसरा एक गोळा मधल्या भिंतीवर ठेवत. तो शेजारच्या हौसाबाईंच्या मैनेसाठी. मैना ही त्यांची जर्सी गाय, पहिलटकरीण, पाचवा-सहावा महिना चाललेला. हौसाबाईंचा नवरा गेलेला, लेक पुण्याला कंपनीत, घरात त्या आणि मैना. दिवसभर त्या गायीशी बोलत असायच्या. मी वर वह्या तपासताना ऐकायची. लेकाची खबरबात, गुडघ्याचं दुखणं, माझ्या खिडकीतला दिवा बराच वेळ चालू होता तेसुद्धा मैनेला सांगितलं जाई.

राहिले जावई. काकांची मुलगी एकुलती एक. तिनं चिंचवडला नोकरीतल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं, काकांनी मोठ्या मनानं होकार दिला, लग्न थाटात झालं. पहिल्याच सणाला जावई आले आणि काकूंचा मिक्सर बंद पडलेला बघून मदत करायला धावले. स्वयंपाकघरातली सुरी घेतली. स्क्रू निघाला, मिक्सरही चालू झाला, पण स्क्रूच्या डोक्यावरची फुली पार चावून निघाली होती. काकांनी तो स्क्रू काढून औषधाच्या डबीत ठेवला. पाहुणा घरात आला की चहाच्या आधी डबी उघडायची. "ह्ये आमच्या जावईबापूंचं काम." मला खोली घेऊन आठवडा व्हायच्या आत तो स्क्रू दाखवून झाला होता.

माणूस वाईट नव्हता हो. पण आपण म्हणतो तेच खरं, याचा पुरावा जवळ बाळगल्याशिवाय त्यांना घास गिळत नसे. मुलगी फोनवर रडायची. "बाबा, किती वर्षं तो स्क्रू दाखवणार आहात? त्यांना इथं यायची लाज वाटते." काका म्हणायचे, "मी कुठं काय बोलतो? मी फक्त डबी उघडतो."

त्या वर्षी दिवाळीच्या आधी जावयांनी कुरियरनं एक पेटी पाठवली. काळ्या मखमलीत बसवलेले बारीक स्क्रूड्रायव्हर, एक मूठ आणि तिच्यात बदलायची टोकं. सोबत चिठ्ठी, 'बाबांना दिवाळीची भेट.' त्या मुलानं काय विचार करून, कुठे कुठे शोधून ते घेतलं असेल, मला तर चिठ्ठी वाचूनच भरून आलं. काकूंनी पेटीला हळदकुंकू लावलं. काकांनी भिंग लावलं.

वसुबारसेच्या आदल्या दुपारी परीक्षा झाली. मधल्या भिंतीपाशी ऊन चांगलं येतं म्हणून काका तिथं स्टूल टाकून बसले. एका जुन्या गजराच्या घड्याळाचा गंजलेला स्क्रू घेतला, त्यात जावयाचं सगळ्यात बारीक टोक बसवलं आणि जोर लावला. जोर लावायचा नसतो असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसानं दात-ओठ खाऊन जोर लावला. कट् असा आवाज आला. करंगळीच्या पेराएवढा तुकडा मोडून पडला, मोडल्या बाजूनं सुईसारखा अणकुचीदार.

"बघा बाई!" इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितला नव्हता. "बघा, पोलाद न्हाई, बिस्किट हाय."

मी म्हटलं, "काका, सण आहे. टाकून द्या तो तुकडा."

"टाकून? उद्या पाव्हनं येनार हायेत की." आणि त्यांनी कणकेच्या गोळ्यात तो तुकडा नीट रोवला, वरून बोटानं कणीक सारखी केली, हरवू नये म्हणून. गोळा तसाच भिंतीवर ठेवला आणि हात धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात रांगोळी काढत होते. काका भिंतीपाशी गेले आणि तिथूनच त्यांनी काकूंना हाक मारली. "अगं, माझा गोळा आत नेलास का?"

"मी कशाला नेऊ?"

"मग मैनेचा गोळा ठेवलास का आज?"

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आज वसुबारस न्हाई का? आज बायांना गहू चालत न्हाई. मी कणीक मळलीच न्हाई."

तिघांनीही एकदमच भिंतीपलीकडे बघितलं. मैनेच्या कपाळाला ताजं कुंकू होतं, गळ्यात झेंडूची माळ होती, आणि ती जिभेनं नाकपुडी चाटत उभी होती.

काकू कुजबुजल्या, "कावळ्यानं नेला आसंल हो. कावळं लई झाल्यात." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की त्यांना स्वतःलाही ते पटलेलं नाही हे उघड होतं. मला खोटं कशाला सांगू, मलाही त्या क्षणी कावळा हवाच होता. कुणाला कळणार नव्हतं. गाय पुढे आजारी पडली असती तर गायी पडतातच आजारी.

काका घरात गेले, खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर घातली आणि फाटकातून बाहेर पडून हौसाबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. आम्ही दोघी मागोमाग.

"हौसाबाई, भितीवरचा गोळा गाईला चारला का?"

"चारला की. वैनी इसरत न्हाईत बघा, सणाचं बी ठिवला." त्या हसत होत्या.

"त्यात सुईवानी लोखंड हुतं. मीच घातल्यालं."

हौसाबाई दारातच खाली बसल्या. "माज्या हातानं चारला की वो भाऊ. तिनं मान फिरवली व्हती, मी म्हनलं खा गं, सन हाय आज."

"तुमच्या हातानं न्हाई," काका म्हणाले. "माझ्या तोंडानं. जावयाला खाली बघायला लावायचं हुतं मला. त्यापायी ठिवला हुता."

मग मात्र हौसाबाई उठल्या आणि त्यांनी जे तोंड सोडलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. काका टोपी हातात घेऊन सगळं ऐकत उभे राहिले. ज्या माणसाला उलट उत्तर दिल्याशिवाय चैन पडत नसे, तो एका शब्दानंही उलटला नाही.

गुरांचे डॉक्टर मोटारसायकलवरून आले. तरणे होते, शांत होते. त्यांनी गाय तपासली आणि समजावून सांगितलं, की गायीचं जाळीचं पोट काळजाच्या अगदी जवळ असतं. खिळा-तार पोटात गेली की तिथं जाऊन बसते, आणि टोकदार असेल तर पुढे घुसत काळजापर्यंत जाते. आत्ताच काही सांगता येणार नाही. उपाय एकच, गायीला चुंबक गिळायला द्यायचं. लोखंड त्याला चिकटतं आणि घुसत नाही. पुढचे पाय उंचावर राहतील असं तिला उभं करायचं आणि वाट बघायची.

"आन ते चुंबक भाईर कधी काढायचं?" काकांनी विचारलं.

"काढायचं नाही. ते आतच राहतं, जन्मभर."

डॉक्टरांनी पिशवीतून बोटाएवढं चुंबक काढलं. काका म्हणाले, "जरा थांबा," आणि तरातरा घरी गेले. आले ते जावयाची पेटी घेऊन. मोडलेल्या टोकाचा राहिलेला तुकडा त्यांनी चिमटीत धरला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काही जातीचं पोलाद चुंबकाला चिकटतच नाही. हे तसलं निघालं, तर चुंबक पोटात जाऊनही उपयोग शून्य.

काकांनी तुकडा चुंबकाजवळ नेला. बोटभर अंतर असतानाच तो त्यांच्या चिमटीतून सुटला आणि टक् करून जाऊन बसला.

"धरलं," काका म्हणाले. तुकडा ओढून बघितला, सुटेना. त्यांनी चष्मा काढला आणि बाहीनं डोळे पुसले. "धरलं हो हौसाबाई. चांगलं हाय पोलाद."

डॉक्टरांनी चुंबक मैनेच्या घशातून खाली उतरवलं. दुपारी मुलगी-जावई आले, तेव्हा काका हौसाबाईंच्या गोठ्यात मुरूम ओढत होते. मैनेच्या पुढच्या पायांखाली उतरता चौथरा करायचा होता, आणि तो काकांना पाणपातळीची नळी लावून, मापात करायचा होता. जावयांना कुणी काही सांगितलं नाही. गायीनं काहीतरी लोखंड खाल्लंय एवढंच कळलं. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि घमेलं उचललं. चार खेपांत तळहाताला फोड आले. काकांनी ते बघितले. "जावईबापू, बसा जरा," म्हणाले. त्या हाकेत नेहमीची खोच नव्हती, मुलीनं चमकून वर बघितलं.

मैनेनं त्या दिवशी चारा सोडला. दुसऱ्या दिवशीही वैरणीला तोंड लावलं नाही, पाठीची कमान करून उभी राहिली. फटाके लांब कुठंतरी वाजत होते, आमच्या दोन्ही घरांत मात्र पणत्यांपलीकडे दिवाळी नव्हती. काका उठून गोठ्यात जायचे, हौसाबाईंशी बोलायची हिंमत नव्हती म्हणून गायीसमोर उकिडवे बसायचे आणि तिच्या जबड्याकडे बघत राहायचे. रवंथ केला तर गाय वाचली, असं डॉक्टर बोलून गेले होते. इतकी वर्षं बारीक खाचेकडे बघणारे ते डोळे, आता एवढ्या मोठ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांना काहीच करता येत नव्हतं. मला त्यांची फार कीव आली.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी हौसाबाईंनी भिंतीवरून हाक मारली. "भाऊ! आवो भाऊ, या हिकडं!"

आम्ही सगळेच धावलो. मैना बसली होती, डोळे अर्धे मिटले होते, आणि जबडा सावकाश एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फिरत होता. काका दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. हौसाबाई त्यांना म्हणाल्या, "बसा आता. च्या घ्या. मेल्यावानी त्वांड करू नका सनाचं."

पाडव्याला डॉक्टर येऊन बघून गेले, धोका टळला म्हणाले. त्या दुपारी मलाही जेवायला खालीच बोलावलं होतं. पुरणपोळी होती. कणीक बघून काका जरा कचरले, हे मी बघितलं. जेवता जेवता जावयांनी धीर करून विचारलं, "बाबा, तो सेट कसा निघाला? बघितलात का वापरून?"

काकूंच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. मुलीनं मान खाली घातली. सगळ्या घरानं इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली, तो क्षण आयता ताटात वाढून आला होता. औषधाची डबी तिथंच मागं फळीवर होती.

काकांनी घास गिळला, पाणी प्यायले. म्हणाले, "पोलाद चांगलं हाय."

जावयांचा चेहरा असा फुलला की मला ताटातलं काही दिसेना. "खरंच? मग पुढच्या वेळी मोठा आणतो!"

"आना," काका म्हणाले.

पुढे माझी बदली झाली. मैनेला कालवड झाली, त्याचा खरवस मी निघायच्या आधी खाल्ला. परवा दिवाळीचा फोन केला तेव्हा काकूंकडून कळलं, की जावयांनी दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे यंदाही पेटी आणली आहे. काकांनी फोन घेतला. मी मुद्दाम खोडी काढली, "काका, टोक तपासलं का?"

"न्हाई बाई. पाव्हन्यांच्या वस्तू आता तपासत न्हाई."

"आणि मैना कशी आहे?"

पलीकडून गळ्यातल्या घंटेचा आवाज येत होता. काका भिंतीपाशीच उभे असावेत.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "माझा पुरावा पोटात घिऊन हिंडतीय. ऱ्हाऊ दे तिथंच."